आईने सांगितलेला जास्तीचा शब्द

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची आयुष्यभर टिंगल केली, त्यामुळे हे लिहिताना हात आखडतोय… तरी लिहिते.

फणसवाडीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो – आई, बाबा आणि मी. आई बारीकसारीक गोष्टी विसरायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरचा व्यायाम दिला. रोज दुपारी चारला कॉम्प्युटर दहा शब्द बोलणार, मग आईने ते आठवून सांगायचे. यादीत नसलेला शब्द आला, तर तेवढाच वहीत लिहून ठेवा म्हणाले.

आई पाच-सहा सांगायची, आणि रोज एक भलताच. सोमवारी सुतळी. मग कापूर, मडकं, बांबू, गोवऱ्या, तुळस…

"हा नव्हता गं आई."

"होता. शेवटी हळू बोलतो तो."

मी यादी परत लावून ऐकली. दहाच शब्द होते. बाबा हसायचे, "कोकणात माहेरी जाऊन येते रोज. अंगणात काय दिसेल ते सांगते." मलाही ते पटलं. लिहीत गेले.

रविवारी ती म्हणाली, "पांढरं कापड."

सोमवारी सकाळी बाबा चौपाटीवर फिरून आले, चहा मागितला आणि खुर्चीतच गेले. कसलाही आजार नव्हता हो त्यांना.

वाडीत कोणी गेलं की सामान आणायचं काम शेजारच्या बापूकाकांचं. ते म्हणाले, "कागद दे एखादा, यादी करतो." हाताला लागली ती वही मी दिली. ते उघडलेलं पान वाचतच राहिले.

"तू करून ठेवलीस? कधी?"

अक्षर माझंच होतं.

"सगळं आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "काही लिहायचं राहिलं नाही."



तेराव्यानंतर डॉक्टरांना सांगितलं. योगायोग म्हणाले, व्यायाम मात्र थांबवू नका, आहे तेही जाईल. असेल योगायोग. पण त्या सात शब्दांचं काय, ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी खरंच घाबरले आहे.

काल धीर करून पुन्हा कॉम्प्युटर लावला. आईने दहापैकी नऊ शब्द बरोबर सांगितले. आनंदाने माझे डोळे भरून आले. मग ती जरा थांबली, कान दिला आणि म्हणाली, "सुतळी."

मी तो वहीत लिहिलेला नाही. घरात आता आम्ही दोघीच आहोत.