घमेल्यातलं पाणी

माझ्या जुन्या गाडीत गोड वास यायला लागला होता. आटवलेल्या उसाच्या रसासारखा. जरा वेळ बसलं की डोकं धरायचं. काच आतून तेलकट, पायाखालचं मॅट चिकट. गाडी विलायती, वयानं माझ्यापेक्षा मोठी, आणि मला तिचं भारी वेड. डॅशबोर्डच्या मागे हीटरची जाळी असते, अगदी छोटा रेडिएटरच. इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरतं. ती जाळी गळत होती.

कर्जतचा मेकॅनिक हसला. "ताई, हितं घामाच्या धारा लागल्यात आणि तुमाला हीटर पायजे? दोन्ही पाइप एकमेकांना जोडतो, इषय संपला." आमच्याकडे सगळे तेच करतात. पण ऐकेन तर मी कसली! जसं होतं तसंच करणार म्हटलं, आणि तेही स्वतः.

एप्रिलची दुपार होती. अंगणात गाडी लावली, रेडिएटरची खालची तोटी सोडली आणि सगळं पाणी घमेल्यात काढलं. पाणी म्हणायचं आपलं. आमच्या भागात गाडीत साधं नळाचं पाणी घालतात, आणि उन्हाळ्यात ते काढलं तरी कुणी ओतून देत नाही. झाडाला घालतात, कोंबड्या पितात. मी मात्र हौसेनं इंजिन थंड ठेवायचं हिरवं कूलंट भरलं होतं. ते विषारी आहे हे डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं मी वाचलं होतं. वाचलं आणि सोडून दिलं. घरात सांगणार तरी कुणाला? माझे वडील, आप्पा, आणि त्यांची कुत्री, एवढेच आम्ही. मोतीबिंदूनं आप्पांची नजर गेल्यात जमा होती. कुत्री पुढं चालायची आणि तिच्या मागून ते शेताच्या बांधापर्यंत जायचे. आई गेल्यापासून ते माझ्याशी बोलायचे त्याहून जास्त तिच्याशीच बोलायचे.

मी डॅशबोर्डखाली उताणी पडलेली, डोळ्यांत गंज पडतोय, आणि एक मेला स्क्रू काही केल्या हलेना. बाहेरून आप्पांचा आवाज आला, "ह्ये पाणी हिला देऊ का गं? कवाची धापा टाकतीय."

"द्या हो आप्पा! काय द्यायचं ते द्या, पण मला काम करू द्या!" मी खेकसले.

त्यांनी काय विचारलं ते माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं, खरंच सांगते. अर्ध्या तासानं जाळी घेऊन बाहेर आले, तर घमेलं अर्धं रिकामं आणि कुत्री लटपटत चालत होती. "सारखी माझ्या पायात धडपडतीय, झिंगली बग! ऊन लागलं वाटतं," आप्पा हसत म्हणाले. मी तिच्या तोंडाजवळ वाकले. गाडीतला तोच वास.

तेव्हाच बोलायला हवं होतं. खालापूरला गुरांचे डॉक्टर होते. पण बोलायचं म्हणजे आप्पांना सांगायचं, की तुमच्या हातानं तुम्ही तिला विष पाजलंत, आणि द्या म्हणाले मी. जीभ रेटेना. उरलेलं पाणी मागच्या बाजूला खड्डा खणून ओतलं. उलटी होऊन निघून जाईल, अशी मनाची समजूत घातली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती चक्क उठून शेपूट हलवायला लागली! मला एवढं हायसं वाटलं, की मी जाळीला डाग मारून गळती बुजवून आणायला कशेळ्याला गेले.

तिसऱ्या दिवशी ती उठली नाही. लघवी बंद झाली होती. गाडी खोलून ठेवलेली, म्हणून रिक्षा करून खालापूरला नेलं. वाटभर आप्पांनी तिला मांडीवर धरलं होतं. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि सरळ विचारलं, "गाडीचं कूलंट प्यायली का ही? मूत्रपिंडं गेलीत. त्याच दिवशी आणली असती तर वाचली असती."

ते माझ्याकडे बघत होते.

"गाडीचं पाणी प्यायली खरी," आप्पा म्हणाले. "मीच दिलं." मग त्यांचा हात चाचपडत माझ्या खांद्यावर आला. "हिला कुठं म्हाईत व्हतं, डॉक्टर? म्हाईत आसतं तर पोरगी गप ऱ्हायली आसती का?"

मी तेव्हाही गप्पच राहिले.