शरददादाची फ्रेंच मडम

शरददादाचे डोळे घारे आहेत. यापलीकडे या माणसाच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर, मग निवृत्ती, मग गॅलरीत कुंड्या. घाऱ्या डोळ्यांची माणसं कोकणात पैशाला पासरी, पण दादाला आपले डोळे फ्रेंच वाटायला लागले.

त्याची आई आणि माझी आई सख्ख्या बहिणी. त्यांचे आजोबा रामभाऊ मजूर म्हणून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेले आणि परतले ते तीन वर्षांच्या चांगुणाला, म्हणजे या दोघींच्या आईला, घेऊन. बरोबर बायको नव्हती. चांगुणा फ्रेंच मालकिणीच्या बंगल्यात वाढलेली, म्हणून गाव तिला 'मडमेची पोर' म्हणायचं. एवढ्यावरून दादानं ठरवून टाकलं की ती मडमेच्याच पोटची. मडमेला उसाच्या फडातला मजूर कसा आवडला, असं मी विचारलं तर म्हणाला, "प्रेम गं शीला, तुला नाही कळायचं."

मॉरिशसमध्ये वंशावळी शोधून देणारा एक माणूस त्याला इंटरनेटवर सापडला. आषाढात जाडजूड फाइल आली. मडमेचा बाप, त्याचा बाप, त्यांचं जहाज, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं गाव. तिथला मूळ पुरुष लोहार निघाला. दादानं त्याला परस्पर सरदारांचा तलवार-कारागीर करून टाकलं. त्यानंतर तो दूधवाल्याला थँक्यूऐवजी 'मेर्सी' म्हणू लागला आणि भाकरी काट्यानं खाऊ लागला. मी हसले तर वहिनी माझ्यावरच डाफरली.

माझी आई भागीरथी नव्वदीची, चामटोलीत राहते. अविधवा नवमीला, म्हणजे पितृपक्षातल्या सवाष्ण गेलेल्या बायकांच्या दिवशी, ती आपल्या आजीचं पान वाढते. मुलीच्या मुलीनं ते करायचं नसतं, असं भाऊबंद म्हणतात. आई ऐकत नाही. पानाशेजारी हिरव्या बांगड्या ठेवते आणि हाक मारते, "आजी, ये गं." नुसतं आजी, कारण नाव कुणालाच माहीत नाही. रामभाऊंनी ते मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही. "नाव घेतल्याबिगर भलत्याच कुनाची आजी येऊन जेवून जात आसंल," असं म्हणून आई दर वर्षी रडते. दादानं शोध सुरू केला तेव्हा तिनं त्याचा हात धरला होता. "शरद, तिचा नाव आन. बाकी मना काय नको."

दादानं आणलं. मादाम एलोईज.

यंदा नवमीच्या सकाळी त्यानं मला फोन केला. उल्हासनगरच्या दुकानातून वंशावळीची फ्रेम उचल आणि चामटोलीला ये, मी केक घेऊन पुढे जातो. मडमेच्या पानावर केक हवा म्हणे. दुकानातल्या सिंधी काकांनी फ्रेम बांधून दिली आणि वर एक कागद ठेवला. "साहब ने ये वाला नहीं लगवाया. बोले, फेंक दो. मैंने सोचा, किसी का फोटो है, कैसे फेंकूँ?"

फोटोत कपाळावर गोंदण असलेली एक बाई होती. छातीशी पाटी, पाटीवर मजुराचा नंबर. हनुवटी थेट माझ्या आईची. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: विठा, रामभाऊची बायको, बंगल्यातली मोलकरीण. एक मुलगी, चांगुणा. तापानं मृत्यू, वय तेवीस. बाकी सगळी फाइल मडमेची आणि आमच्या माणसाचा एवढाच कागद. तो दादानं वाचला होता. मी तो पर्समध्ये घातला.

चामटोलीला पोचले तेव्हा पान वाढून झालं होतं. भाताशेजारी केक, केकात काटा. दादा फ्रेम टांगायला खिळा शोधत होता. मी आईला फोटो दिला आणि खालचं सगळं मराठीत वाचून दाखवलं.

दादा पुटपुटला, "मावशी, मोलकरीण होती गं ती. उगाच चारचौघांत..."

आईनं केक उचलून बाजूला ठेवला. पानासमोर बसली आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी हाक मारली, "विठा! विठाआजी, जेवाया ये गं!" मग ती दादाकडे वळली.

"आषाढापासून नाव तुज्याकडं व्हता, शरद. मधी मी मेले असते तर तिला हाक कुनी मारली असती?"