डब्यातली काळी माती

सासरे, म्हणजे मामा, ताडकळसहून आमच्याकडे परभणीला आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोनच गोष्टी होत्या. खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, तिच्यात कपडे. आणि एक पोतं, त्यात रानातली काळी माती. माती त्यांनी लगेच गच्चीवर नेऊन ओतली. कपडे मात्र पिशवीतच राहिले. कपाटातला एक खण मी त्यांच्यासाठी रिकामा केला होता. तो बघून ते म्हणाले, "कशाला? पुढच्या आयतवारी जायचंच हाय."

सासूबाई गेल्यापासून ते तिकडे एकटे होते. स्वयंपाक येत नव्हता, आणि येत नाही हे मान्यही नव्हतं. एकदा चक्कर येऊन ओसरीवर पडले, म्हणून नवऱ्याने त्यांना इकडे आणलं. ते इथेच राहावेत असं मला मनापासून वाटत होतं. सुनेने असं म्हटलं की लोकांना खरं वाटत नाही. त्याला माझा इलाज नाही.

आयतवार येत गेले. जाणं लांबलं ते वांग्यांमुळे. सासूबाईंनी चिंधीत बांधून ठेवलेलं काटेरी वांग्याचं बी ते खिशात घालून आले होते. दुसरीकडे कुणाकडे ते बी नव्हतं. त्यातलं निम्मं त्यांनी माझ्या पुरणाच्या चाळणीत शेणखत भरून पेरलं. पाणी झिरपायला भोकं पाहिजेत, म्हणाले. होळीला काय करायचं ते मी विचारलं नाही.

बी उगवलं. पहिली दोन पानं सगळ्याच रोपांची सारखी दिसतात, त्यांच्यावर भुलायचं नसतं. त्यानंतर वांग्याची म्हणून ओळखू येणारी दोन-तीन पानं आली की रोप हलवायचं. तेही उन्हं उतरल्यावर, आधी पाणी शिंपडून, मुळाशी खत राहील असं. धरायचं पानाला, देठाला नाही. "पान मोडलं तर दुसरं येतंय," मामा म्हणाले. "देठ मोडला की संपलं." इथवर आमचं एकमत होतं.

मग त्यांनी तेलाच्या कापलेल्या डब्यांत निव्वळ काळी माती भरायला घेतली.

"मामा, यात थोडी वाळू आन् खत मिसळू का?"

"आमच्या मातीत वाळू? लोक काय म्हणतील."

"गच्चीवर लोक कुठायत?"

"मातीला कळंल की."

अशाच काळ्या मातीत मी माहेराहून, पिंगळीहून आणलेली तुळस डब्यात लावून मारली होती, म्हणून मी बोलत होते. रानात ही माती सोनं आहे. डब्यात मात्र पाणी घातलं की चिखल आणि दुपारपर्यंत वीट. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांनी आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात एकदा दुपारी उभं राहून दाखवावं. मी नवऱ्याकडे दाद मागितली. तो म्हणाला, "तुमी दोघं बघा." शेवटी थोडी रोपं मी मागून घेतली आणि शेजारच्या बांधकामावरची वाळू मिसळून माझ्या डब्यांत लावली. मामांनी तिकडे पाठ फिरवली.

त्यांच्या डब्यांतल्या मातीला तडे गेले. तड्याबरोबर मुळंही तुटली आणि रोपं एकामागून एक माना टाकू लागली. मामा जेवायचे कमी झाले. एका सकाळी पिशवी दाराशी आणून ठेवली आणि म्हणाले, "ह्या गावात काय जगत न्हाई. तिचं बियाणं बी संपायलंय. मी जातो."

मला राग आला. रडूही आलं, पण राग आधी आला. "जा," मी म्हणाले. "पण जायच्या आधी माझे डबे बघून जा."

ते वर आले. माझी रोपं उभी होती. त्यांनी माझ्या एका डब्यात बोट खुपसलं, ते सहज आत गेलं. मग आपल्या डब्यात खुपसून बघितलं. ते आत जाईना. तिथेच उकिडवे बसले.

"रानाला तळ नसतो," म्हणाले. "मुळी पायजे तेवढी खाली जाती. डब्याला तळ असतो." मग म्हणाले, "वाळू अजून हाय का?"

उरलेलं निम्मं बी त्यांनी त्याच दिवशी चाळणीत पेरलं. ते झाडून सगळं उगवलं. रोपं हलवायची वेळ आली तेव्हा डबे संपले, दह्याचे डबे संपले, रंगाची बादली संपली, आणि चाळणीत एक रोप उरलं. मामा खाली गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी जिन्यातून डोकावले. पलंगावर त्यांची धोतरं-सदरे रचलेले होते आणि ते रिकाम्या पिशवीच्या तळाला दाभणाने भोकं पाडत होते.

पिशवी गच्चीवर आली. तिच्यात माती, वाळू, खत गेलं, मधोमध रोप लागलं. मामांनी पानाला धरूनच लावलं. हात झटकत त्यांनी विचारलं, "तो कपाटातला खण रिकामाच हाय ना?"

"हाय की," मी म्हणाले.

त्यात मी तोवर चादरी कोंबल्या होत्या. त्या काढायला मी खाली पळाले.