एका बादलीत धुतलेली गाडी

समोरच्या काकांच्या गाडीच्या बॉनेटवरचे ओरखडे दिसले की माझं डोकं अजून तापतं.

आमच्या कॉलनीत पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्यामुळे गाड्या धुणारा तो माणूस पाइप कधी मागायचाच नाही. चितेगावच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून तो थेट इकडे यायचा. एका बादलीत झाकणभर शाम्पू आणि भिजवलेली दहा-बारा फडकी. ओलं फडकं आधी टपावर नुसतं पसरायचा, धूळ भिजू द्यायचा, मग एकाच दिशेनं अलगद ओढायचा. दर वेळी घडी बदलायचा. मळलेलं फडकं पुन्हा बादलीत जात नसे. मी गॅलरीतून रोज बघायचे.

त्या सकाळी काका त्याच्यावर ओरडत होते. "पाणी न मारता पुसतोस, म्हणून हे ओरखडे! उद्यापासून कॉलनीत पाय ठेवायचा नाही."

"साहेब, धूळ भिजल्याबिगर मी हात लावत नाय."

ते ओरखडे काकांनीच पाडले होते. आदल्या संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून त्यांनी धुळीनं भरलेली गाडी कोरड्या फडक्यानं खसाखसा घासली होती. मी पाहिलं होतं.

त्यानं वर बघितलं. "ताई, तुमी तर रोज बघता. सांगा की यांना."

काकाही बघू लागले. मी आत निघून गेले.

तो पुन्हा कॉलनीत आला नाही. आता पाण्याच्या दिवशी काका पाइपनं गाडी धुतात. पाणी आमच्या गेटपर्यंत वाहत येतं. मला संताप येतो, आणि तरी मी गॅलरीतच उभी असते.