ऑइल निथळेपर्यंत

"मधासारखं आहे, आई. हे पाह्य, मधासारखं!" प्रशिकनं ऑइल मोजायची पट्टी तिच्या नाकासमोर धरली. "तुले लुटून राहिला तो गॅरेजवाला, अन् तू लुटू देऊन राहिली."

"पट्टी खाली धर. साडीवर सांडवशील."

"विषय नको बदलू. मागच्या वेळी कधी बदललं ऑइल?"

"आंबे आले होते तेव्हा."

"अन् त्याच्या आधी?"

"होळीच्या मागंपुढं. अन् एकदा संक्रांतीले." प्रेमिलाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. हात कोरडेच होते. "उभ्या गाडीचं ऑइलही खराब होते. तुझे बाबा सांगत."

"होते ना! वर्षानं होते. दहा हजार किलोमीटर नाहीतर एक वर्ष, जे आधी येईल ते. कंपनीच लिहून देते. तुझी गाडी जाते कुठं? वाडीले जाते, ऑइल बदलते, घरी येते. म्हणजे ऑइल बदलायले जाण्यातच जेवढं खराब होते तेवढं!"

वरून, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्याची बायको मोनाली वाकून म्हणाली, "अहो, हळू बोला ना. सगळी बिल्डिंग ऐकून राहिली."

प्रशिकची मोठी गाडी सर्व्हिसिंगला गेली होती. रविवार होता, कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांची पेटी आणायची म्हणून त्यानं आईची छोटी पांढरी गाडी काढायची ठरवलं, आणि निघण्याआधी सवयीनं बॉनेट उघडलं. एवढंच झालं होतं. पण आता संत्री राहिली बाजूला.

"चल बस," तो म्हणाला. "आत्ताच जाऊ त्याच्याकडं. विचारतोच त्याले. अन् यापुढं गाडी सर्व्हिस सेंटरले जाईल. त्यांचा माणूस येते, घरून घेऊन जाते, घरी आणून सोडते. तुले खाली उतरायचंही काम नाही."

प्रेमिलाबाईंनी त्याच्या हातून किल्ली घेतली. "मी चालवते," त्या म्हणाल्या.

कुही तालुक्यात त्यांची सगळी नोकरी झाली. आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर. पल्स पोलिओचा डबा घेऊन बांधाबांधानं फिरायचं, गरोदर बायांना गोळ्या द्यायच्या, कुणाच्या सुनेला दवाखान्यात जायला सासूकडून परवानगी मिळवायची. धानाची रोवणी चालू असली की चिखलात उतरून बाईचा हात धरून टोचायचं. घराघरात चहा. चहा नको म्हटलं तर दूध, दूध नको तर भाजलेल्या शेंगा. तेव्हा कधी कधी वाटायचं, हे लोक थोडं गप्प बसतील तर बरं.

प्रशिकचे बाबा, आनंदराव, गेले त्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. प्रशिक म्हणाला, तिथं एकटी काय करशील? शहरात, त्याच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये त्यांना स्वतंत्र खोली मिळाली, खिडकीला जाळी, भिंतीला टीव्ही. मुलगा घरूनच काम करतो, दाराला बाहेरून चिकटवलेलं असतं: मीटिंग सुरू आहे. सून बँकेतून येते ती दमून येते आणि कानात काहीतरी घालूनच भाजी चिरते. दोघं चांगली आहेत. आईला कशाची कमी पडू देत नाहीत. बाई आजारी पडल्या तर दोघंही रजा घेतील. पण बाई आजारी पडत नव्हत्या.

गाडी त्यांनी मागाहून घेतली आणि क्लास लावून शिकल्या. शिकवणारा म्हणे, "आजी, क्लच सोडा, पाय भाजला का?" शिकल्या तरी जायचं कुठं हे राहिलंच. विहारात वंदनेला त्या चालतच जात. तिथं महिला मंडळाच्या बाया आपापल्या नातवंडांचे फोटो दाखवत, फोटो पाहून झाले की घरी जात.

शहराच्या टोकाला वाडी, तिथला नत्थूजी त्यांना असाच सापडला. अमरावती रोडवर गाडी गरम झाली, पुढं एका गोदामाच्या भिंतीला लागून पत्र्याचं गॅरेज दिसलं. मागं त्याचं घर, पुढं बाज, बाजेवर त्याची बायको भागीरथा लसूण सोलत बसलेली. गाडीचं किरकोळच होतं, पण त्यानं ऑइल पाहिलं आणि बदलावं लागेल म्हणाला. तेव्हा खरंच काळं झालेलं होतं.

नत्थूजीची एक पद्धत होती. इंजिन आधी थोडं गरम करायचं, खालचा बोल्ट काढायचा आणि सगळं ऑइल आपोआप खाली येऊ द्यायचं. आधी धार येते, मग ती बारीक होते, मग थेंब. तो थेंब थांबल्याशिवाय बोल्ट लावत नसे. कुणी घाई केली तर म्हणे, "जुनं आत राहिलं तर नव्याचा काय उपयोग? बसा." आणि माणूस बसे.

प्रेमिलाबाई बसल्या. भागीरथानं लसणाची अर्धी पाटी त्यांच्याकडं सरकवली, जशी कुहीत कुणीही सरकवली असती. सिस्टर होत्या हे कळल्यावर आपला गुडघा दाखवला, मग शेजारच्या खोलीतल्या ट्रक ड्रायव्हरच्या बायकोला हाक मारली, ती पोर घेऊन आली. पोराच्या अंगावर पुरळ होतं. बाईंनी बघितलं, सांगितलं. चहा झाला. गाडीखालच्या तसराळ्यात थेंब पडत होते.

त्या दिवशी घरी येताना त्यांना आपला आवाज थोडा बसलाय असं जाणवलं. बोलून बोलून.

मग संक्रांत आली.

आज गॅरेजपुढं गाडी थांबली तेव्हा नत्थूजी एका छोट्या टेम्पोखाली होता. बाहेर आला, हात पुसले. भागीरथा बाजेवरून उठली, "आल्या का सिस्टरबाई!" म्हणाली आणि मुलाकडं पाहून थांबली.

प्रशिकनं नमस्कारही केला नाही. "तुम्हाला लाज वाटत नाही?" त्यानं सुरुवातच तिथून केली. "बाईमाणूस पाहून, वय पाहून काहीही सांगायचं? गाडी चालतच नाही अन् तुम्ही महिन्या-दोन महिन्यांत ऑइल बदलून राहिले. हे शिकले का इतक्या वर्षांत?"

नत्थूजीनं ऐकून घेतलं. एकदा प्रेमिलाबाईंकडं पाहिलं. त्यांना वाटलं, आता हा सांगेल. कारण गेल्या खेपेला त्यानं बॉनेट उघडून तसंच बंद करायला घेतलं होतं.

पण तो म्हणाला, "चुकलं साहेब. आता वर्षातून एकदाच करू."

"करू नाही. आता गाडी इकडं येणारच नाही."

भागीरथानं डोक्यावरचा पदर सारखा केला. नवऱ्याला शिव्या पडताना तिनं बाजेवरची पाटी उचलून आत ठेवली. प्रेमिलाबाईंना ते पाहवेना.

"त्याईचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "ते नाही म्हणत होते. चांगलं ऑइल कायले फेकता, म्हणत होते. मीच म्हटलं, बदला."

"तू? काहून?"

रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत मागं येत होता. तो गोदामाला लागेपर्यंत त्या थांबल्या. मुलगा त्यांच्याकडं बघत होता, नत्थूजी जमिनीकडं.

"निथळायले वेळ लागते त्याले," त्या म्हणाल्या. "तोवर मी इथं बसते."

प्रशिकला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा लहानपणी ताप यायच्या आधी व्हायचा तसा झाला.

भागीरथालाच हसू आलं. "अगं माय! मग तशाच या ना बाई. चहाले का इंजिन लागते?"

ती मनापासून म्हणाली होती. पण प्रेमिलाबाई कानकोंड्या झाल्या. उभ्या आयुष्यात त्या कुणाच्या दारात हात हलवत गेल्या नव्हत्या. हातात डबा असायचा, गोळ्या असायच्या, निदान वजनकाटा. आता सगळ्या वाडीला कळलं की मनीषनगरची सिस्टर चांगलं ऑइल फेकून देते, कारण तिच्याशी घरी कुणी बोलत नाही.

"येतो," प्रशिक नत्थूजीला म्हणाला. "माझं जास्तच झालं बोलणं."

"होते साहेब," नत्थूजी म्हणाला आणि पुन्हा टेम्पोखाली गेला.

परतताना प्रेमिलाबाईंनीच गाडी चालवली. रिंग रोडच्या सिग्नलला प्रशिक म्हणाला, "आम्ही आहो ना घरी, आई."

"आहा ना तुम्ही."

"मीटिंगा राहतात."

"राहतात ना. मी काही म्हटलं का?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि उचलला.

घरी जेवताना मोनालीनं सगळं ऐकलं. तिचे डोळे भरले, मग तिनं भराभर उपाय सांगायला सुरुवात केली. सकाळचा योगाचा वर्ग आहे. ज्येष्ठांचा ग्रुप आहे, ते पचमढीला सहल नेतात. "आणि आई, आपण रोज रात्री जेवल्यावर थोडं बसत जाऊ. रोज. नक्की." बोलता बोलता तिनं उलटा ठेवलेला फोन सुलटा केला आणि परत उलटा ठेवला.

"सर्व्हिस सेंटरवाल्याले मी सांगून ठेवतो," प्रशिक म्हणाला. "तुले त्रास नको."

प्रेमिलाबाईंनी वरण वाढून घेतलं. भातात कालवलं.

"त्याले बोलवू नको," त्या म्हणाल्या. "ऑइल वर्षातून एकदा, ते नत्थूजीच बदलतील. अन् दर शनिवारी मी वाडीले जाईन, काम असो नसो. त्या दिवशी माझा चहा ठेवू नका."

आणि त्यांनी मोनालीकडं लोणचं मागितलं.