काळा फोटो

आमच्या यमुनाबाई सुर्वे चिडल्या की आधी पदर खोचत. रत्नागिरीच्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात त्या एक्स-रे काढायच्या आणि मी कंपाउंडर, त्यामुळे तो खोचलेला पदर मला रोजच दिसे. "श्वास घे, धर!" म्हणून त्या दटावत, आणि पेशंट बिचारा "सोड" ऐकू येईपर्यंत डोळे वटारून उभा राही. बाईंचं वेड एकच. किरण लागतील तेवढेच द्यायचे आणि फोटो एकदाच काढायचा. काटकुळ्याला कमी, जाडजूड माणसाला जास्त. छातीकडे नुसतं बघून त्या यंत्राचे आकडे लावत.

त्र्याऐंशी साली गुहागरकडचा गंगाराम आला. बोटीवरचा खलाशी. क्षय झाला म्हणून दोन वर्षांपूर्वी काम सुटलं होतं. औषधं पुरी झाली, थुंकीची तपासणी साफ आली, पण बोटीवर परत जायला छातीचा फोटो आणि डॉक्टरांचं पत्र हवं होतं. बायको गोदा दीड वर्षाच्या पोरीला घेऊन बाहेर बाकावर बसली होती. पोर बापाकडे झेपावली की गंगाराम मागे सरे. जन्मल्यापासून त्याने तिला उचललंच नव्हतं. आपण बरे झालोय हे त्याला काही केल्या पटत नव्हतं.

"बाय, फोटू जरा काळा काडा," तो आत येऊन हळूच म्हणाला. "काळ्या फोटूत डाग दिसत नाय, असा आमच्या बोटीवरच्या एकान सांगितलान."

"अरे मेल्या, मी काय शाई ओतू त्यावर?" बाईंनी पदर खोचला.

आमच्याकडची वीज म्हणजे लहरी कारभार. नेमकं बटण दाबताना दाब चढला, किरण जास्त गेले आणि धुतलेली फिल्म काळीकुट्ट निघाली. बाईंनी ती उजेडाच्या पेटीवर लावली.

"काळजामागचा कणा अगदी पुसट दिसायला हवा. इथे मणके मोजता येतायत, आणि फुप्फुसात नुसता अंधार!"

"बेस झाला! हाच द्या," गंगारामचा चेहरा उजळला.

"द्या की, बाई," मी मध्ये तोंड घातलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने बाटल्या पुसायला लागलो.

"दुसऱ्यांदा किरण द्यायचे माझ्या जिवावर येतं," त्या म्हणाल्या. "पण हा फोटो काढून न काढल्यासारखाच आहे. उभा राहा."

या वेळी यंत्राचा काटा स्थिर होईपर्यंत त्या थांबल्या. फोटो अगदी हवा तसा आला, आणि उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पांढरा डाग स्पष्ट दिसला. गंगारामने सदरा अंगात चढवायला घेतला. "गेली माझी बोट," तो पुटपुटला. मला बाईंचा भयंकर राग आला.

डॉक्टरांनी फिल्म बराच वेळ पाहिली. मग गंगारामला जवळ बोलावलं. "हे बघ. चुन्याच्या खड्यासारखा घट्ट डाग आहे, कडा रेखीव. आजार चालू असता तर कापसासारखं धूसर दिसलं असतं. तुझी थुंकीही साफ आहे. ही जखम भरल्याची खूण आहे. काळ्या फोटोत हे दिसलं नसतं, आणि मी सही केली नसती."

"म्हंजे माझ्यापासून कोणाला काय व्हनार नाय?"

"नाही."

तो पत्रासाठी थांबलाच नाही. बाहेर जाऊन त्याने गोदाच्या मांडीवरून पोरीला उचललं. तिला बापाची सवय कुठली! तिने भोकाड पसरलं. त्याने तिला खाली ठेवलं नाही.

आत यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. मी पत्र घेऊन बाहेर गेलो, पण त्याचे हात मोकळे नव्हते. पत्र गोदाने घेतलं.