मामा पडावा म्हणून

माझा मामा मुंबईचा महापौर होता, हे मी कुणाशीही ओळख झाली की पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. एकच वर्ष होता, हे समोरच्याने विचारल्याशिवाय सांगत नाही. आणि त्या वर्षाने आमच्या पनवेलच्या घराची काय दैना केली, ते तर आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा ताईच म्हणाली, "लिही की. फक्त मला रडताना दाखवू नकोस." म्हणून लिहितो. ताई रडली नव्हतीच. बाकी सगळे रडले.

तेव्हा वाशीचा खाडीपूल व्हायचा होता. मुंबईला जायचं तर ठाण्याला वळसा घाला, नाहीतर बंदरावर जाऊन भरतीची वाट बघा. मुंबईचा महापौर नगरसेवक आपसात निवडत, दर एप्रिलात, एका वर्षापुरता. त्यात खुद्द मुंबईच्या लोकांनाही मत नव्हतं, तिथे आम्हाला कोण विचारतो? तरी त्या निकालावर आमच्या ताईचं लग्न अडकलं होतं.

झालं असं. उरणच्या बाजूच्या एका गावातला मुलगा ताईला बघायला आला होता. तिथल्याच शाळेत मास्तर. त्या दिवशी ताईचे शंकरपाळे करपले होते. आईने ताटलीत खालचे वर करून पाहिले, पण करपलेपणा दोन्हीकडून सारखाच होता. मुलाने ताटली रिकामी केली आणि म्हणाला, "खरपूस झालेत." ताईचं तिथेच ठरलं. याआधीच्या मुलांनी चांगले शंकरपाळे खाऊन मुलगी नाकारली होती.

आणि त्याच महिन्यात मामा निवडून आला. आईचा हा पाठचा भाऊ, तिनेच कडेवर घेऊन वाढवलेला. सबंध आळीला पेढे वाटले. मी तेव्हा भाताच्या गिरणीत कारकून होतो. तिथे तर मी असा वावरलो की गिरणीच्या मालकाने दुसऱ्या दिवशी मला "या, साहेब" म्हटलं आणि उशिरा आल्याबद्दल अर्धा दिवस कापला.

आठवड्याभरात मुलाचे वडील आले. हातात कैऱ्यांची पिशवी. बैठकीला आले होते तेव्हा झोपाळ्यावर मांडी घालून बसले होते. आता खुर्चीच्या कडेवर टेकले.

"स्पष्टच बोलतो," ते वडिलांना म्हणाले. "आमच्या दारात बैलगाडी वळवायची तर बैल सोडावे लागतात. महापौरांची मोटार कुठे वळणार?"

"मोटार रस्त्यावर ठेवू की," वडील म्हणाले.

"आणि माणसं? महापौरांची भाची म्हटल्यावर अर्धी मुंबई लोटणार. आम्ही कुठे पुरे पडू? शिवाय पोरीला आमच्याकडे विहिरीचं पाणी शेंदावं लागेल. लोक मलाच म्हणतील, मामा मुंबईला नळ देतो आणि याने भाचीच्या हातात पोहरा दिला."

"मग मोडलं म्हणायचं का?"

"छे, छे! मुलगी आम्हाला पसंतच आहे. मामांचं वर्ष सरू द्या. ते परत तुमच्याआमच्यासारखे झाले की पुढच्या वैशाखात बार उडवून देऊ. पण पुन्हा तेच झाले, तर मात्र मला दुसरीकडे बघावं लागेल. माझंही वय झालं."

वडिलांनी खूप समजावलं. कैऱ्या तेवढ्या घरात राहिल्या. आईने त्यांचं लोणचं घातलं, आणि वर्षभर पानात ते लोणचं आलं की जो तो ते कडेला सारत असे.

ते वर्ष आम्ही कसं काढलं! कुणाला मुलगा मुंबईत चिकटवायचा होता, कुणाला चाळीत खोली हवी होती. मासळी घेऊन येणारी म्हातारी तर पाटी उतरवता उतरवताच आईला सुनवायची, "तुमचा भाव मुंबईचा राजा हाय ना? मंग आमच्या खाडीतला गाळ काढाय सांगा त्याला. होडी लागत नाय बंदराला." आई म्हणायची, "अगं, मुंबईच्या महापौराचं पनवेलच्या खाडीत काय चालतं?" त्यावर ती म्हणे, "मंग कसला म्हापौर? उगा पेढं वाटलंव." बोंबील मात्र ती वाढवून द्यायची. तेवढाच आमच्या घराला महापौरपदाचा लाभ.

मामाला विचारलं तर तो हसायचा. "माझ्या हातात काय आहे रे? मी टेबल आपटतो, आणि ते ओरडतच राहतात."

वर्ष सरत आलं. दुसऱ्यांदा कुणी उभं राहायचं नाही असा प्रघात होता, त्याच्या भरवशावर वडिलांनी मांडवाचे बांबूसुद्धा सांगून ठेवले होते. तेवढ्यात मामाचा निरोप आला: सगळ्यांचा आग्रह आहे, पुन्हा उभा राहतोय, रविवारी औक्षणाला येतो. गेल्या साली आईने ओवाळलं आणि तो निवडून आला, तेव्हापासून त्याची श्रद्धा बसली होती.

"त्याला सरळ सांगून टाकू," वडील म्हणाले. "भाचीसाठी एवढं नाही करणार?"

"करील," ताई म्हणाली. "म्हणूनच सांगायचं नाही. माझ्यापायी त्याने सोडलं, तर मी त्याच्यासमोर तोंड वर करून कशी बसू? कुणी सांगितलंत तर मी लग्नच करणार नाही."

ताई असं बोलली की आमच्या घरात पुढे कुणी बोलत नाही. मी तर पहिल्यापासूनच बोलत नाही.

रविवारी मामा मोटारीतून आला. मोटार आळीत वळेना, ड्रायव्हरने ती मागे मागे घेत रस्त्यापर्यंत नेली. मुलाच्या वडिलांचं म्हणणं किती खरं होतं, ते मला तेव्हा पटलं.

मामा पाटावर बसला. आईने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. मामाने वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, "उदंड आयुष्य होवो."

मामा वाकलेलाच. "अक्का, गेल्या खेपेला यश म्हणाली होतीस."

"सुखी राहा."

"अगं, यश म्हण की! त्यासाठी तर एवढ्या लांब आलो."

आईने आमच्याकडे पाहिलं. वडील छताकडे बघत होते. मी वडिलांकडे बघत होतो. ताई दारात उभी होती, ती म्हणाली, "आई, म्हण ना."

"यश येऊ दे," आई म्हणाली आणि तबक घेऊन आत गेली. आत बराच वेळ भांड्यांचा आवाज झाला. घासायला भांडी नव्हती.

निकालाच्या दिवशी आळीने गणपतीपुढे मामासाठी नारळ ठेवला. आईनेही ठेवला. गुरवाने दोन्ही एकाच दगडावर फोडले आणि खोबरं एकत्र करून वाटलं. कुणाचं गाऱ्हाणं कुठल्या तुकड्यात गेलं, देव जाणे. आम्ही आळीचंही खाल्लं, आमचंही खाल्लं.

संध्याकाळी वडील आणि मी स्टँडजवळच्या चाचांच्या हॉटेलात गेलो. रेडिओ तिथे होता. लोक आधीच जमले होते. चाचांनी आम्हाला पुढचं बाकडं दिलं आणि मलईचा चहा आणला. "फिकर नको, इन्शाल्ला आपले मामूच येणार."

"तुमच्या तोंडात साखर पडो," वडील म्हणाले. इतका हताश आशीर्वाद मी पुन्हा ऐकला नाही.

बातम्या लागल्या. आधी दिल्ली, मग धरण, मग कसलं तरी अधिवेशन. मग मुंबईच्या महापौरपदी निवड झाल्याचं सांगितलं, आणि नाव भलतंच होतं.

चाचांनी रेडिओ बंद केला. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. वडिलांनी उपरणं तोंडावर घेतलं. ते हसू लपवताहेत असं मला वाटलं, म्हणून लोकांना दिसू नये असा त्यांच्यापुढे उभा राहिलो. पण त्यांचे खांदे हलत होते. ते खरंच रडत होते. चाचा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "दिल छोटा नका करू." चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

घरी आई दारातच होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. "पडला?" एवढंच विचारलं आणि उंबऱ्यावर बसली. "लहानपणी तो पडला की मला मार बसायचा," ती म्हणाली. ताई पिठाचे हात घेऊन बाहेर आली, आईजवळ बसली, आणि आनंदाची बातमी असूनही त्या रात्री आमच्या घरात कुणी गोड केलं नाही.

लग्न वैशाखात झालं. मामा एस.टी.ने आला. रीतीप्रमाणे त्यानेच ताईला हात धरून मांडवात आणलं, आणि अंतरपाट धरला तेव्हा तो तिच्या पाठीशी उभा राहिला. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मुलाचे वडील आग्रह करत करत मामापर्यंत आले. मनमोकळा माणूस. जिलबी वाढता वाढता म्हणाले, "तुम्ही पडलात म्हणून हा योग आला बघा! वर्षभर आम्ही त्याचीच वाट बघत होतो. दोन्हीकडची माणसं!"

मामाचा घास हातातच राहिला. त्याने पलीकडच्या पंगतीत वाढणाऱ्या आईकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं; ती नवऱ्याला घास देताना नाव घ्यायला लाजत होती. "आणखी दोन वाढा," तो व्याह्यांना म्हणाला, आणि सगळ्या खाल्ल्या.

त्याने आईला कधीच काही विचारलं नाही. तो पुन्हा उभाही राहिला नाही, महापौरपदालाही नाही आणि नगरसेवकपदालाही नाही. दर भाऊबीजेला मात्र पनवेलला येतो. पाटावर बसतो, ओवाळून झालं की वाकतो. आई म्हणते, "यश येऊ दे." मग ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने, "यश येऊ दे रे तुला."

"आता कशात, अक्का?" मामा हसत विचारतो.

आई तबकातलं निरांजन सारखं करत राहते, आणि मामा ओवाळणी टाकायची म्हणून खिसे चाचपत राहतो.